फरशीवरचा ओला पाय

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर, तारावर. झाला तो दुष्काळ हटल्यानंतरच्या दुसऱ्या थंडीत, एका गुरुवारी सकाळी, प्रार्थना संपून पहिला तास सुरू व्हायच्या आत, शाळेच्या पाण्याच्या टाकीशेजारी. केला तो खेळाचे मास्तर जाधव सर यांनी, आणि त्यांच्या हातात हत्यार दिलं ते आमच्या वडिलांनी. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट निघाली की कुणीतरी लगेच सुस्कारा टाकतं, म्हणतं, तिचं नशीबच तसं. नशीब नव्हतं. माणसं होती, शहाणीसुरती होती, आणि त्यांनी जे केलं ते दिवसाढवळ्या, चारचौघींच्या देखत केलं.

पणाला काय लागलं होतं तेही सांगते. तारा त्या वर्षी मॅट्रिकला होती, मी तिच्या दोन वर्षं मागं. तिला खेळाची मास्तरीण व्हायचं होतं. त्यासाठी पुढं बाहेरगावी शिकायला जावं लागणार, वसतिगृहात राहावं लागणार. आमच्या भावकीत तोवर कुणाची मुलगी अशी गेली नव्हती. आबांनी, म्हणजे वडिलांनी, बरेच दिवस हो-नाही केलं आणि शेवटी फौजी माणसासारखा करार केला. विभागाच्या स्पर्धा सांगलीला आहेत, तिथं लांबच्या शर्यतीत पहिल्या तिघींत आलीस तर पाठवतो. न्हाई आलीस तर उन्हाळ्यात पाहुणे बघायला सुरुवात. तारानं मान हलवली. तिला त्या करारात काही वावगं वाटलं नाही, कारण आसपासच्या गावांत तिला मागं टाकणारी मुलगी तिनं अजून पाहिली नव्हती.

आबा सुभेदार होऊन पेन्शनीवर आले आणि आम्ही छावण्यांमधून उठून कराडच्या खाली, कृष्णाकाठच्या आमच्या गावी राहायला आलो. तीन खोल्या, पुढं ओटा, मागं गोठा आणि न्हाणी. घराला जाग यायची ती साखर कारखान्याच्या भोंग्यानं. त्यापाठोपाठ दोन आवाज ठरलेले. चुलीपुढं आईच्या भाकरी थापण्याचा, आणि ओट्यावर आबांच्या ब्रशाचा. आबा रोज बूट घासायचे, गाळात चालून आलेले असोत नाहीतर खोक्यातून न काढलेले असोत. आमच्या दोघींचे कॅनव्हासचे बूट खडूच्या पाण्यानं पांढरे करून उन्हात वाळत ठेवलेले असायचे. भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा खर्डा, गाडग्यातलं दही, आणि गुऱ्हाळ चालू असलं की वाटीभर गरम काकवी. काकवीचा वास हिवाळाभर अंगाच्या कपड्यांना यायचा. अजूनही कुठं गुळाचं चुलवण पेटलेलं दिसलं की मला आधी भूक लागते आणि मग राग येतो. दोन्ही त्याच घरातले.

त्या घरात बूट नसलेली एकच व्यक्ती होती, आई. छावणीतही ती अनवाणीच वावरायची, दवाखान्यात जायचं झालं तर तेवढ्यापुरत्या चपला. पण ते कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही.

आबांकडं सकाळी गावातली पोरं जमायची. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, तेव्हा भरतीला जायच्या आधी सुभेदारांकडून तालीम करून घ्यायची हा रिवाजच पडला होता. अंगणात आबांनी एक शहाबादी फरशी टाकून ठेवली होती. नवा पोरगा आला की पहिलं काम, पाय बादलीत बुडवायचा आणि फरशीवर ठेवायचा. टाच आणि चवडा उमटला, मधला खळगा कोरडा राहिला, तर पोरगा कामाचा. सगळा तळवा उमटला तर आबा म्हणायचे, "गड्या, तुजा पाय सपाट हाय. पलटणीत घेनार न्हाईत. उगं भाडं घालवू नगंस, रेशनचं दुकान टाक." पोरं हसायची, तो पोरगा पण ओशाळून हसायचा आणि घरी जायचा. आबांना ते क्रूर वाटत नव्हतं. तिकडं जाऊन अपमान होण्यापेक्षा इथं कळलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. जाधव सर एकदा हे बघायला आले आणि इतके खूश झाले की आबांनी तशीच दुसरी फरशी त्यांना बैलगाडीतून शाळेत पाठवून दिली.

तारानं बूट सोडले ते कुठल्या मोठ्या विचारानं नव्हे. बूट चावायचे म्हणून. तिचा पाय पुढं पंख्यासारखा रुंद, बोटं एकमेकांपासून सुटी, अंगठा सरळ बाहेर निघालेला. दुकानात मिळणारा बूट पुढं निमुळता. लांबीला बसला तर रुंदीला आवळायचा, रुंदीला बसवला तर टाच आत खळखळायची. नखं काळीनिळी पडली, करंगळीवर भोवरी आली. एके सकाळी नदीच्या वाटेवर पळताना ती मध्येच थांबली, बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले आणि तशीच पुढं गेली. परत आली ती लंगडत. तळवे फोडांनी भरलेले, एका टाचेत सराट्याचा काटा. आबा म्हणाले, "झाली हौस?" आईनं एरंडेल कोमट केलं, हळद घातली आणि तिचे पाय मांडीवर घेतले.

लोकांना वाटतं, बूट काढले की झालं, खेड्यातलीच पोर ती. पण आम्ही जन्मल्यापासून बुटात वाढलेल्या. तळव्याची कातडी दुधावरच्या सायीसारखी. शिवाय बुटात आम्ही टाच आपटत पळायचो, आणि अनवाणी टाच आपटली की ती कळ थेट डोक्यात जाते. तारानं हे सगळं स्वतःच्या पायावर शिकून घेतलं. फोड बसेपर्यंत नुसती चालली. मग नांगरट झालेल्या रानात सावकाश, मग नदीच्या ओल्या वाळूत, मग बांधावरनं, आणि कितीतरी दिवसांनी मुरमाच्या रस्त्यावर. आधी पोटऱ्या अशा धरल्या की न्हाणीच्या पायरीवरून तिला उतरवावं लागायचं. घोट्याच्या आतल्या बाजूला दुखायचं, कारण तिचा तळवा जमिनीला टेकताच आत झुकायचा. त्यावर ती अंगणात बसून पायाच्या बोटांनी शेंगा उचलायची, टोपलीत टाकायची. आई म्हणायची, "अगं, हातानं काय झालंय?" हळूहळू पावलं आखूड झाली, चवडा आधी टेकायला लागला. मागून पळताना मला तिच्या पावलांचा आवाज यायचा. सुरुवातीला धप धप, मग टप टप, आणि माघ लागता लागता तो ऐकूच येईनासा झाला. मागून नुसता तिचा श्वास ऐकू यायचा.

मीही बूट काढून बघितले. माझा पाय तिच्या उलट. अरुंद, आणि मध्ये अशी उंच कमान की खालून सुपारी सरकली असती. दिसायला देखणा. पण ती कमान लाकडासारखी ताठ, दबायचीच नाही. टाच आणि चवडा, दोनच ठिकाणी सगळा मार. चवड्यावर घट्टे पडले, नडगी इतकी दुखायची की हात लावू द्यायची नाही. तारा म्हणायची, "तुजा पाय फोटो काढायचा हाय, लिले. पळायला माजा बरा." एकदा ती फळीवरची बरणी काढायला टाचा उचलून उभी राहिली, तेव्हा मी खाली बसले होते. तिच्या सपाट तळव्यात चांगली कमान उभी राहिली. टाच टेकली की गेली. मी तिला तीनदा करायला लावलं. तिचा पाय मोडका नव्हता. तो लवत होता, एवढंच.

परवा तिच्या नातवानं मला पुण्याहून घेतलेले पातळ तळाचे बूट दाखवले. ह्यात म्हणे अनवाणी पळल्यासारखं वाटतं. दुकानात काचेवर उभं करून पायाचा आकार घेतात आणि मग भली मोठी किंमत लावतात. मी विचारलं, आणि नुसतं अनवाणी पळलं तर कसं वाटतं? तो हसला. मला हसू आलं नाही.

तर तो गुरुवार. त्याच्या आधीच्या आठवड्यात शाळेत मुलींची शर्यत झाली होती आणि तारा इतक्या पुढं होती की दुसरी मुलगी येईपर्यंत ती हौदावर पाणी पिऊन आली. तिचंच नाव जाणार हे सगळ्यांनी धरलेलं. सरांनी पहिल्या चार मुलींना टाकीपाशी बोलावलं, म्हणाले, एक औपचारिक तपासणी. बादली आणि ती फरशी. तारानं पाय बुडवला, ठेवला, उचलला. सर वाकले.

"तारा, बाजूला हो."

"का सर?"

"हे बघ. भाकरी थापल्यासारखा उमटलाय. खळगा कुठं आहे?"

मुली हसल्या. तारानं हसायचा प्रयत्न केला. "सर, पण मी पहिली आले की."

"इथं आलीस. सांगलीचं अंतर मोठं. असा पाय मध्येच बसतो. शाळेचं हसं नको."

मी म्हटलं, "सर, तिला टाचा उचलायला सांगा. कमान येते. मी बघितलीय."

"टाचा उचलून कुणी उभं राहतं का गं?"

"ती उभं राहायला चालली न्हाई सर, पळायला चाललीय."

"तोंड आवर," सर म्हणाले. दुसरी-तिसरी आलेल्या मुलींचे तळवेही त्यांना पसंत पडले नाहीत, मग माझ्याकडं वळले. "तुझा पाय ठेव."

मी ठेवला. टाच, चवडा, आणि कडेला एक बारीक रेघ. सरांचा चेहरा उजळला. आजही तो मला स्पष्ट दिसतो. "वा! याला म्हणतात पाय. हा फौजी पाय. तू जाणार."

"मी चौथी आले होते सर."

"पाय असला की बाकीचं शिकवता येतं."

हे वाक्य मी पुढं आयुष्यभर वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. मुलाखतींच्या खोल्यांत ऐकलं, लग्नाच्या बैठकांत ऐकलं. त्याविरुद्ध पत्रकं लिहून लिहून बोटं झिजली. जी करून दाखवते ती बाजूला, आणि जी दिसायला बरोबर ती आत. मी सरांना म्हटलं, मी जाणार नाही. सर म्हणाले, "मग शाळेतून मुलगीच जाणार नाही. बघ तुझं तू." ताराच मला म्हणाली, "जा. एक तरी जाऊ दे."

बातमी आमच्या आधी गल्लीत पोचली. शेजारची यमुनाकाकू कुंपणावरून आईला म्हणाली, "सपाट पायाची म्हणं पोर? आगं, पाहुणे बघाया येतील तवा ओल्या पायानं चालवत्यात. आतापास्नंच काळजी घ्या बाई." म्हणजे पलटणीला नको तो पाय, शाळेला नको, आणि सासरलाही नको. तारा गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकत होती. तिनं ऐकलं. ती बाहेर आली नाही.

संध्याकाळी मी आबांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बुटाला पॉलिश लावत बसले होते. हातातला बूट त्यांनी पुरा चमकवला. मग म्हणाले, "सरांचं बरोबर हाय."

"आबा!"

"ह्या अंगणातनं मी किती पोरं माघारी धाडली, लिले. त्यांच्या आयांनी डोळ्याला पदर लावला. आता माज्या पोरीला येगळा कायदा लावू? अनफिट म्हंजे अनफिट."

आई न्हाणीत भांडी घासत होती. ती तशीच उठून आली, पाय धुतलेले, ओले. ओट्यावरच्या फरशीवरून ती आबांच्या पुढ्यातून दोन पावलं चालली आणि बाजूला झाली.

"आवं, खाली बघा जरा."

आबांनी बघितलं. फरशीवर अख्खे तळवे उमटलेले, रुंद, बोटं पसरलेली, खळग्याचा पत्ता नाही.

"बघितलं की. ताराचा पाय कसा हाय ते म्हाईत हाय मला."

"तारा गोठ्यात हाय," आई म्हणाली. "ह्यो माजा हाय."

आबांनी वर बघितलं.

"तुमी पलटणीत हुतासा, मला छावणीत न्यायच्या आदी, तवा रानातनं भारं कुणी आणलं? पूर आला तवा मामंजींना पाठीवर घिऊन टेकाडावर कोण पळालं? ह्योच पाय. तुमच्या फौजेत न्हाई चालायचा. तुमच्या घरात कसा चालला वं इतकी वर्सं? कवा बसला का मधीच?"

ती आरडली नाही. आरडली असती तर आबांना उत्तर सापडलं असतं. ती परत भांड्यांकडं गेली. आबांच्या हातात एक बूट चकचकीत, दुसरा तसाच. पावलं फरशीवरून वाळून जाईपर्यंत ते त्यांच्याकडं बघत राहिले, आणि मग उठून गोठ्यात गेले. तिथं ते ताराशी काय बोलले मला माहीत नाही. तारानं कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबा बिल्ले लावलेला कोट घालून शाळेत गेले. मी त्यांच्या मागं. जाधव सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला. आबा म्हणाले, "सर, ती फरशी चुकीची हाय. पोरीला पळू द्या." सर हसले. वाईट हसले नाहीत, तेच जास्त लागलं. "सुभेदारसाहेब, फरशी तुमच्याच अंगणातली. मी तुमच्याच शब्दावर विश्वास ठेवून निवड केली. नावं सांगलीला गेली. आता बदल करायचा तर कारण काय लिहू? सुभेदारांची मुलगी म्हणून?" आबांनी आयुष्यात कुणाला भीड घातली नव्हती आणि वशिला लावला नव्हता. ते उठले. चहा तसाच राहिला.

सांगलीला आबा, तारा आणि मी, तिघंही गेलो. एस्टीतून उतरलो तर बाजाराच्या बाजूनं हळदीचा वास, मैदानावर कर्ण्यातून नावं पुकारत होते, कडेला भडंगवाले आणि सायकलींची गर्दी. आबांनी टेबलावरच्या माणसाशी पुन्हा एकदा बोलून बघितलं. तो भला माणूस होता. म्हणाला, नाव नसेल तर मी काय करू काका. मी ताराला बाजूला घेतलं. छातीवर लावायचं नंबराचं कापड काढून तिच्या हातात दिलं. "आक्का, तू पळ माज्या नावानं. हितं कोन वळखतंय?"

आबा म्हणाले, "लबाडी न्हाई करायची."

मी त्यांना काहीतरी बोलणार होते. पण तारानंच ते कापड माझ्या पोलक्यावर परत लावलं, टाचणी नीट टोचली. "मला माज्या नावानं पळायचंय," ती म्हणाली.

शर्यत सुटली. मी बूट घालून पळत होते, टाच प्रत्येक पावलाला ठणकत होती आणि पहिल्या वळणावरच मी मागं पडले. मागं पडल्यामुळंच मला दिसलं. दोरीच्या बाहेरून, बघणाऱ्यांच्या पाठीमागून, तारा पळत होती. परकर वर खोचलेला, पाय अनवाणी. आधी माझ्या बरोबरीनं आली, ओरडली, "लिले, खांदे सोड!" मग तिचं तिलाच कळलं नसावं, ती पुढं गेली. सायकली चुकवत, भडंगाच्या पाटीवरून उडी मारत, पहिल्या मुलीच्या खांद्याला खांदा लावून, फक्त मधे दोरी. लोक दोरीच्या आत बघत होते. कुणी मागं वळलं नाही. पुढं मंडपाचा खांब आणि गर्दी आली आणि ती थांबली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकली. आबा ज्या बाजूला उभे होते तिथून त्यांना सगळं दिसलं असणार. मी बक्षिसाच्या जवळपासही नव्हते. पहिली आलेली मुलगी कोण होती तेही मी विसरले.

परतीच्या एस्टीत आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "फुडल्या वर्सी." तारा म्हणाली, "व्हय आबा." मॅट्रिक झाल्यावर पुढल्या वर्षी ती शाळेत असणारच नव्हती. उन्हाळ्यात विट्याचं स्थळ आलं, दक्षिणेकडं कुठंतरी सोनं गाळायचं दुकान, माणसं चांगली, देणंघेणं नाही. असं स्थळ पुन्हा येणार नाही म्हणाले सगळे. आईनं एकदा, फक्त एकदाच, करार कुठं गेला म्हणून विचारलं. आबा म्हणाले, शर्यतच झाली न्हाई तर करार कसला. पहिल्या बाळंतपणाला तारा आली तेव्हा मी विचारलं, तिकडं पळतीस का? म्हणाली, "खाली भट्टी, वर खोल्या, पुढं बोळ. पळू कुठं?" आणि बाळाचे पाय दोन्ही हातांत धरून उलटे करून बघत बसली.

आबांनी अंगणातली फरशी उचलून म्हशीच्या गोठ्यात टाकली. शाळेतली तिथंच राहिली. जाधव सर बदलून गेले, नवे आले, त्यांनी ती वापरली. ती वापरायला कुणाचा हुकूम लागत नव्हता, कुणी थांबवलं नाही एवढं पुरेसं होतं.

म्हणून, वाचणाऱ्या माणसा, हे वाचून हळहळू नकोस. ताराला तुझ्या हळहळीचा उपयोग नाही. तुझ्या गावच्या शाळेत निवड होईल त्या दिवशी तिथं जा. फरशी नसेल तर तक्ता असेल, यंत्र असेल, नाहीतर एखाद्या सरांची नुसती नजर असेल. जी मुलगी बाजूला काढून उभी केली असेल तिला, सगळ्यांच्या देखत, तिच्या स्वतःच्या नावानं, रेघेवर उभी कर. आणि ती पळून संपेपर्यंत तिच्या पायांकडं कुणाला बघू देऊ नकोस.